भिंतीवरून उतरताना

माझे दोन्ही भाऊ सायकलवेडे आहेत. शर्कीला वाटतं बुअज्जा जास्त वेडा, आणि बुअज्जाला वाटतं शर्की. मला विचाराल तर दोघांत डावंउजवं करण्यासारखं काही नाही.

मी त्यांची थोरली बहीण, यामना. दोघंही मला लल्ला म्हणतात. आमचं माहेर खाली, बेनी मेल्लालच्या सपाटीवर, संत्र्यांच्या बागांमध्ये. लग्न होऊन मी डोंगरात तामद्याला आले आणि इथलीच झाले. माझा नवरा हमाद मेंढ्या आणि अक्रोड खालच्या बाजारात नेतो. त्यासाठी त्याची एक जुनी पिकअप आहे, चालते तेव्हा चालते. मी रस्त्याला लागून चहाचं दुकान चालवते. पुदिन्याचा चहा, रव्याची जाड भाकर, ऑलिव्हच्या तेलात फोडलेली अंडी, घरचं ताक. रविवारी सायकलवाले येतात तेव्हा कितीही अंडी आणली तरी कमीच पडतात.

खालून तामद्याला यायला दोन रस्ते. एक ओढ्याकाठचा. तो लांबचा, पण गरीब. बदामाच्या आणि ऑलिव्हच्या बागांतून, एकेका वाडीच्या दारावरून विचारपूस करत वर येतो. मध्ये एका ठिकाणी फरशी पुलावरून ओढा ओलांडायचा, एवढंच. दुसरा घाटाचा. तो सपाटीवरून जो उभा चढतो तो चढतोच, वळणामागं वळण, एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला नुसतं आभाळ. सायकलवाले त्याला भिंत म्हणतात. एका रस्त्यानं वर यायचं, माझ्याकडे पोटभर खायचं आणि दुसऱ्यानं खाली उतरायचं, अशी त्यांची फेरी.

भांडण झालं ते या फेरीवरूनच.

शर्की उताराचा माणूस. खिळे, बिजागऱ्या, रंगाचे डबे विकायचं त्याचं दुकान आहे; गल्ल्यावर बसून बसून पोट सुटलंय. चढावर त्याचा भाता असा चालतो की बाजूच्या शेतातली माणसं मान वर करून बघतात. पण एकदा का सायकलचं तोंड खाली वळलं, की त्याला कुणी गाठून दाखवावं. तेव्हा त्याचं म्हणणं, ओढ्यानं सावकाश चढा आणि भिंतीवरून सुसाट उतरा. बुअज्जा त्याच्या उलट. औषधांच्या दुकानात दिवसभर उभा राहणारा, सडसडीत, चढाचा माणूस. त्याला भिंत चढायची असायची. पण क्लब शर्कीनं काढलेला, आणि शर्की थोरला. त्यामुळं वर्षानुवर्षं शर्कीचीच दिशा चालली.

मग एका रविवारी भिंतीवरून उतरताना, पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर बुअज्जा घसरला. वळणात बारीक खडी पडली होती. खांदा मोडला, मांडी सोलवटली, कठड्यावर जाऊन आदळला म्हणून दरीत गेला नाही. दवाखान्यात त्यानं डोळे उघडले तेव्हा मी उशाशी होते आणि शर्की पायाशी उभा होता, भावाचं फुटलेलं हेल्मेट हातात धरून.

बुअज्जा म्हणाला, "तुझ्या त्या भिंतीनं आज मला खाल्लं असतं."

शर्कीच्या तोंडून निघून गेलं, "वळणात ब्रेक दाबायला कुणी सांगितलं होतं तुला?"

झालं. बुअज्जानं तोंड भिंतीकडे वळवलं, शर्कीनं हेल्मेट खुर्चीवर ठेवलं आणि तो निघून गेला.

त्यानंतर दोघं बोलेनासे झाले. बुअज्जा बरा झाला, पुन्हा सायकलवर बसला आणि त्यानं वेगळा क्लब काढला. अर्धी माणसं इकडे, अर्धी तिकडे. बुअज्जाची टोळी भिंतीवरून चढायची आणि ओढ्यानं उतरायची. शर्कीची ओढ्यानं चढायची आणि भिंतीवरून उतरायची. म्हणजे दर रविवारी दोघं भाऊ एकाच फेरीला दोन बाजूंनी निघायचे आणि ऐन जेवायच्या वेळेला माझ्या दारात समोरासमोर उभे राहायचे.

शर्कीचं टेबल बाहेर, अक्रोडाच्या झाडाखाली. बुअज्जाचं आत, चुलीजवळ. आणि दोघांच्या मध्ये उंबऱ्यावर मी, हातात चहाची किटली.

"लल्ला," शर्की बाहेरून ओरडायचा, "तुझ्या भावाला सांग, टायरमध्ये हवा जास्त भरलीय म्हणावं."

"लल्ला," आतून उत्तर यायचं, "तुझ्या भावाला सांग, हवा कुणाच्या डोक्यात भरलीय ते सगळ्या बेनी मेल्लालला माहीत आहे."

"भाऊ मला दोन आहेत," मी म्हणायचे, "आणि दोघांनीही आपापल्या ताटल्या उचलून आणायच्या आहेत."

टोळ्या हसायच्या. मला काही हसू यायचं नाही. ईदला एकाची गाडी गेल्याशिवाय दुसऱ्याची गाडी यायची नाही. शर्कीच्या मुलीच्या लग्नाला बुअज्जा आला, नवरीच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि ताटं मांडायच्या आत चपला घालून चालता झाला. तिनं, त्या पोरीनं, काकासाठी राखून ठेवलेली खुर्ची शेवटपर्यंत कुणाला बसू दिली नाही. मी हमादला म्हटलं, तू तरी दोघांशी बोल. हमाद म्हणाला, "मी काय बोलू? मला सायकल येत नाही."

त्या वर्षी ऑलिव्ह झोडायचे दिवस होते. रविवारी सकाळपासून वरच्या डोंगरावर काळं भरून आलं होतं. दोन्ही टोळ्या येऊन टेकतात न टेकतात तोच पावसानं असं गाठलं की बोलायची सोय नाही. पाठोपाठ गारा. पत्र्यावर नुसता दगडांचा मारा चाललेला. शर्कीची टोळी ताटल्या डोक्यावर धरून आत पळत आली. माझी खोली ती केवढी! बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसली, उरलेली सायकली कवटाळून उभी राहिली. आणि कसं झालं कुणास ठाऊक, बसायला जी एकच जागा उरली होती ती बुअज्जाच्या पाठीमागची. शर्की बसला. दोघं पाठीला पाठ लावून, एक चुलीकडं बघतोय, एक दाराकडं.

बुअज्जाच्या टोळीत घिजलान नावाची बाई आहे. शाळेत गणित शिकवते. पायानंही चपळ, तोंडानंही चपळ. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "बऱ्याच दिवसांनी दोन्ही क्लबांची एकत्र सभा भरलीये. अध्यक्षपद कुणाकडं द्यायचं?"

दोघंही एकाच वेळी खोकले. मी पटकन पाठ फिरवून चुलीत काटकी सारली.

पाऊस थांबला तसा हमाद खालून आला. गुडघ्यापर्यंत चिखल.

"फरशी पूल गेला," तो म्हणाला.

"गेला म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे गेला. मधला भाग ओढ्यानं नेला. माझी पिकअप सोडा, शेळीसुद्धा जायची नाही."

याचा अर्थ सगळ्यांना कळला. आता खाली जायला एकच रस्ता, भिंतीचा. शर्कीच्या टोळीला त्याचं काही नव्हतं. त्यांचा तो रोजचाच उतार. बुअज्जाच्या टोळीतली माणसंही हौसेनं जाकिटं चढवायला लागली.

"चला की बुअज्जा," घिजलान म्हणाली. "चढून चढून भिंत पाठ झालीय आपल्याला. एकदा वरून कशी दिसते ते तरी बघू."

बुअज्जा जागचा हलला नाही. "तुम्ही व्हा पुढं," तो म्हणाला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "लल्ला, आज मी इथंच राहतो. किती दिवस झाले, तुझ्याकडं राहिलो नाही."

मला आधी बरंच वाटलं. मनातल्या मनात मी अंथरूणसुद्धा घातलं. मग त्यानं चहाचा ग्लास ट्रेमध्ये ठेवला आणि तो ग्लास ट्रेवर किणकिण वाजला. त्यानं दुसऱ्या हातानं तो दाबून धरला.

इतकी वर्षं मी समजत होते की दिशेचा हा सगळा हट्ट आहे. दर रविवारी हा भिंत चढून येतो, घामानं निथळत, हसत येतो. पण पडल्यापासून एकदाही ती उतरलेला नाही, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मी त्याच्याजवळ वाकून हळूच म्हटलं, "हमाद सोडेल तुला पिकअपमधून."

"सगळ्यांच्या देखत? मेंढ्यांसारखा मागं बसून?" तो तसाच हळू म्हणाला. "नको, लल्ला. राहू दे मला."

आम्ही कितीही हळू बोललो तरी पाठीला पाठ लावून बसलेल्या माणसाला ते ऐकू जायचंच. शर्की उठला. बाहेर गेला, बुअज्जाची सायकल झाडाला टेकवलेली होती ती उचलून त्यानं उलटी केली आणि मागचं चाक हातानं फिरवून बघायला लागला.

बुअज्जाची मान ताठ झाली. "लल्ला, त्याला सांग, माझ्या सायकलला हात लावायचा नाही."

"मी नाही सांगत," मी म्हटलं. "तुला अल्लानं तोंड दिलंय ना? मी काही तुमचं टपाल खातं नाही."

बुअज्जा उठला आणि दारात जाऊन उभा राहिला.

"हात लावू नकोस."

"ब्रेकचे रबर झिजलेत," शर्की मान वर न करता म्हणाला.

"झिजू देत."

"ओल्या रस्त्यावर हे धरायचे नाहीत."

"मी उतरतच नाहीये."

"नको उतरूस." शर्कीनं आपल्या सीटखालच्या पिशवीतून नवे रबर काढले आणि जुने सोडवायला घेतले. "उभ्या सायकलला नवे रबर लावले म्हणून काय बिघडतं?"

बुअज्जा बघत राहिला. शर्कीचे ते जाडजूड हात, स्क्रूवर घसरणारे, पुन्हा बसणारे. चारही रबर बदलून झाले, सायकल सरळ झाली. मग शर्की म्हणाला, "मी पुढं राहतो. तू माझ्या मागच्या चाकाकडं बघायचं. दरीकडं बघू नकोस, रस्त्याकडंसुद्धा नको. नुसतं चाक."

"तू सुटशील सुसाट."

"नाही सुटणार."

"तुला हळू जाता येतं?"

"चढावर बघितलं नाहीस कधी मला?"

बुअज्जाच्या ओठाचा एक कोपरा हलला. बाकी काही नाही, पण मी लहानपणापासून ते तोंड बघत आलेय.

शर्की घिजलानला म्हणाला, "बाई, तुम्ही सगळ्यांना घेऊन पुढं व्हा. खाली बागेपाशी थांबा." तिनं एकदा याच्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं, आणि जन्मात पहिल्यांदा उलट उत्तर न देता हेल्मेट घातलं. दोन्ही टोळ्या एकत्र निघाल्या, चिखल उडवत. मागं हे दोघं. आणि त्यांच्या मागं हमाद आणि मी, पिकअपमध्ये. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी चुलीवर झाकण टाकलं आणि चढून बसले.

एवढं मोठं अंग घेऊन शर्की इतक्या हळू उतरू शकतो, हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. त्याचे ब्रेक सबंध वेळ किंचाळत होते. दर थोड्या अंतरावर हात बाहेर काढून तो ओरडायचा, "दगड! उजवीकडं चिखल! आता पाणी, सरळ राहा, सरळ!" मागं बुअज्जा, कोपरं लाकडासारखी ताठ, नजर चाकावर रुतलेली. हमाद पहिल्या गियरवर गाडी रेटत म्हणाला, "एवढ्या हळू तर मी गाभण मेंढ्यासुद्धा आणत नाही." मी त्याला चूप केलं.

पाण्याची टाकी दिसायला लागली. वळणाच्या अलीकडं शर्कीनं हात वर केला, थांबला आणि सायकलवरून खाली उतरला. बुअज्जाही थांबला. एक पाय जमिनीवर, आणि तोंड कठड्याकडं. डागडुजी केलेलं सिमेंट तिथं अजून वेगळं दिसतं. हमादनं इंजिन बंद केलं. माझ्या बाजूची काच वर होतच नाही, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं.

"का थांबलास?" बुअज्जानं विचारलं.

"मी इथं उतरतो."

"म्हणजे?"

"दर रविवारी. इथं उतरतो, हे वळण चालत जातो, पलीकडं जाऊन परत बसतो."

बुअज्जानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. "थापा मारू नकोस. तू?"

"विचार माझ्या टोळीतल्या पोरांना."

"आणि त्यांना काय सांगतोस?"

"लघवीला थांबतो म्हणून सांगतो."

"दर रविवारी? याच वळणावर?"

"त्यांना वाटतं मला साखर झालीय."

बुअज्जाचं तोंड उघडं पडलं. "म्हणून! म्हणून तुझ्या टोळीतला तो सुतार माझ्या दुकानात आला होता. आमच्या एका ओळखीच्या माणसाला सारखी लागते म्हणाला, जरा वजनदार आहे, काय द्यावं?"

"काय दिलंस?"

"कलिंगड कमी खा म्हणून सांगितलं!"

"अरे देवा," शर्की म्हणाला. "म्हणून सबंध उन्हाळा ते लोक माझ्या हातातली फोड काढून घेत होते!"

आणि बुअज्जा हसायला लागला. हँडलवर डोकं टेकवून हसला, खांदे हलेपर्यंत हसला. मग ते खांदे वेगळे हलायला लागले. शर्कीनं आपली सायकल कठड्याला लावली आणि त्याच्याजवळ गेला. मी दार उघडायला हात घातला तर हमादनं माझी बाही धरली. "राहू दे," म्हणाला.

"मी वळून बघितलं," शर्की सांगत होता, "तर रस्त्यात नुसती सायकल होती. तू नव्हतास. कठड्यापाशी आडवा झालेला, ते मला दिसलंच नाही. मला वाटलं, गेलास तू खाली. तिथून पळत येईपर्यंत आता लल्लाला काय सांगायचं, तेवढंच डोक्यात होतं. आणि मग दवाखान्यात तू बोलायला लागलास, तर माझ्या तोंडून ते तसलं निघालं. काय निघालं ते मला माहीत आहे."

"ब्रेक मी दाबला होता," बुअज्जा म्हणाला.

"ब्रेक दाबायलाच असतो, गाढवा."

मग ते वळण दोघं चालत गेले. आतल्या अंगाला बुअज्जा, दरीच्या अंगाला शर्की, दोघांच्या मध्ये दोन सायकली. वळण संपलं तसे ते पुन्हा बसले. पुढचा उतारही हळूच झाला, पण शर्कीचा आरडाओरडा जरा कमी झाला, आणि बुअज्जाची कोपरं माणसाच्या कोपरांसारखी दिसायला लागली.

खाली ऑलिव्हच्या बागेपाशी सगळे वाट बघत थांबले होते. घिजलान रस्त्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी.

"आम्ही आता तुम्हाला आणायला गाढव पाठवणार होतो," ती म्हणाली. "एवढा वेळ काय करत होता?"

"लघवीला थांबलो होतो," बुअज्जानं सांगितलं. "दोघंही."

शर्कीच्या टोळीतल्या सुतारानं काळजीनं मान हलवली. "घराण्यातच दिसतंय," तो शेजाऱ्याला म्हणाला.

फरशी पूल बांधून व्हायला बदाम फुलायची वेळ आली. तोवर दोन्ही टोळ्यांना चढायला-उतरायला भिंतच होती, आणि दोघं भाऊ दर रविवारी एकमेकांच्या मागंपुढं उतरायचे. त्या वळणावर पायउतार व्हायचे. त्या हिवाळ्यात बुअज्जा शर्कीच्या घरी जेवायला गेला आणि पुतणीच्या बाळाला मांडीवर घेऊन इतका वेळ बसला की शेवटी बाळच कंटाळलं. पण उताराची भीती काही त्याच्या अंगातून गेली नाही. पूल झाल्याची बातमी हमादनं आणली तेव्हा त्यानं सोडलेला सुस्कारा मी ऐकला. त्याच रविवारी तो ओढ्यानं खाली उतरला.

मला वाटलं, आता शर्कीही आपल्या जुन्या दिशेला लागणार. भिंतीवरून सुसाट उतरणं म्हणजे त्याचा आठवड्याचा सण. पुढच्या रविवारी मी ओढ्याच्या बाजूला डोळे लावून बसले होते, तर त्याची टोळी भिंतीच्या बाजूनं वर आली. टोळी आली, तो नाही. माणसांचं खाऊन झालं, दुसरा चहा झाला, तेव्हा कुठं तो वळणावर दिसला, वांग्याच्या रंगाचा झालेला.

"हे काय?" मी विचारलं. "तू तर ओढ्यानं चढतोस ना?"

"ओढ्याकाठी हल्ली कुत्री फार झालीत," तो धापा टाकत म्हणाला आणि बाकावर आडवा झाला.

ओढ्याकाठी कुत्री नाहीत. बुअज्जाला ओढ्यानं उतरायचं असतं, आणि याला बुअज्जाबरोबर उतरायचं असतं, एवढीच गोष्ट आहे. त्यासाठी हा आपलं ते भलंमोठं पोट घेऊन दर रविवारी भिंत चढतो. दोघांपैकी कुणीही हे बोललेलं नाही, आणि मीही बोलायला गेले नाही. बुअज्जा आधी वर येतो, पाणी पितो, थोडा वेळ दारात घुटमळतो आणि "साखळी आवाज करतेय, जरा बघून येतो" म्हणून सायकल हातात धरून पुन्हा थोडा खाली जातो.

परवा मी शेवटच्या वळणापर्यंत पुदिना आणायला गेले होते, तेव्हा दोघं येताना दिसले. बुअज्जा एका हातानं सायकल धरून दुसऱ्या हातानं शर्कीला पाठीतून रेटत होता.

"हात काढ," शर्की ओरडत होता. "माझा मी येतो! लोक बघतायत!"

"कोण लोक? एक लल्ला तेवढी आहे."

"मग तिला म्हणावं, तिकडं तोंड कर!"

मी पुदिन्याची जुडी काखेत धरली, तोंड तिकडं केलं आणि अंडी फोडायला पुढं निघाले.